काहीच न करणारी जैतूनबी

जैतूनबीनं आमच्या घरी येऊन चाळीस दिवस काहीही केलं नाही. इकडची काडी तिकडे केली नाही असं आपण कुणाबद्दलही सहज म्हणतो, पण तिच्या बाबतीत मी ते या डोळ्यांनी पाहिलंय. एकदा चुलीतलं जळतं लाकूड घरंगळत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं. उंबऱ्याबाहेर जैतूनबी बसलेली. बाईनं पाय आखडून घेतले, लाकडाला हात लावला नाही. "सरूबाई, तुझं लाकूड बाहेर आलंय," एवढं बोलली आणि हातातला कापूस वळत बसली. अर्धं अंग लुळं पडलेली माझी माय सरपटत आली, शिव्या देत आली, आणि तिनं डाव्या हातानं ते लाकूड आत ढकललं.

आता अशा बाईवर लिहायचं म्हणजे काय लिहायचं? मी शाळामास्तर. तीस वर्षं पोरांना उपयोगी माणसांवर निबंध लिहायला लावले. डॉक्टर, पोस्टमन, शेतकरी. काहीच न करणाऱ्या उपयोगी माणसाचा निबंध कसा तपासायचा, हे मला कुणी शिकवलं नाही. म्हणून जे आठवतं ते आठवतं तसं सांगतो. थोडं फुगवून सांगेन, ती माझी सवय आहे. पण जे खोटं वाटेल ते बहुधा खरं असेल.

जैतूनबी जुन्या जालन्यातली, कापडदुकानांच्या मागच्या बोळातली. उंची बेताची, पण रुंदीला देवानं हात आखडता घेतला नव्हता. ती दारात बसली की घरात दिवा लावावा लागे. आवाज असा की तिनं बोळात कुणाला हाक मारली तर मोंढ्यातले हमाल पोतं टाकून "आलो, आलो" म्हणत. तिचा मूळ धंदा बाळंतिणींचा. बाळंतीण शेकायची, चोळायची, बाळाला पसरलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, सव्वा महिना. जुनं जालना निम्मं तिच्या पायांवर न्हालेलं. त्यातले दोघं पुढं पुढारी झाले, एक पाकीटमार झाला. तिला तिघंही सारखेच. "सबको नंगा देखी मैं," असं ती भर रस्त्यात सांगायची, आणि पुढारी मान खाली घालून निघून जायचे.

मग एका घरात असं झालं की सून बाळंत झाली त्याच आठवड्यात सासूच्या अंगावरून वारं गेलं. एका खोलीत दोन खाटा. जैतूनबी सुनेसाठी आलेली. सव्वा महिन्यानं सून उठून कामाला लागली आणि सासूही. हे कसं झालं, ते मी तिला चारदा विचारलं. चारही वेळा तिनं वेगळी हकिगत सांगितली. एकीत सासूला सुनेचा राग होता, एकीत बाळाचा लळा होता, एकीत घराला आग लागली होती. चौथी तर मी इथं लिहूच शकत नाही. प्रत्येक हकिगतीचा शेवट मात्र एकच: "बाळंतीन सव्वा महिन्यात उठती, तर वारं गेलेला मानूस का न्हाई उठनार? त्याला तर बाळ बी सांभाळायचं न्हाई."

तेव्हापासून ती लोकांच्या घरी अशी राहू लागली. आपल्या बाळंतिणीचा सव्वा महिना आणि मुसलमानांचे चाळीस दिवस, कसंही मोजा, तिथंच येतं. एकोणचाळिसाव्याला जायची नाही आणि एक्केचाळिसाव्याला थांबायची नाही. 

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गल्लीतल्या एका कापडवाल्या शेटजींच्या घरी. शेटजींच्या वडलांचा डावा पाय वाऱ्यानं लुळा पडला होता. म्हातारा पलंगावर, तीन सुना हाताशी. एक पाणी पाजतेय, एक पाय चेपतेय, तिसरी नुसतीच उभी, पहिल्या दोघींपैकी कुणी दमली तर असावी म्हणून. जैतूनबीनं सुनांना खोलीबाहेर घातलं आणि म्हाताऱ्याचा पानतंबाखूचा डबा उचलून पलंगापासून एक पाऊल लांब ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन पावलं. तिसऱ्या दिवशी तीन. म्हाताऱ्यानं मारवाडीत, हिंदीत आणि मराठीत शिव्या दिल्या. त्या संपल्यावर म्हणे त्यानं नवीन तयार केल्या, त्या आजही मोंढ्यात चालतात. डबा खोलीच्या दारात गेला, जिन्यावर गेला, खाली दुकानात गादीवर गेला. त्याच्यामागं म्हाताराही गेला. मी साखरेचा पुडा घेऊन रस्त्यानं चाललो होतो, तेव्हा तो गादीवर बसून, घामानं डबडबलेला, तंबाखूत चुना मळताना मला दिसला. जैतूनबी शेजारी उभी होती. हात कंबरेवर. सगळे तिला खाला म्हणत, म्हणजे मावशी. मी म्हटलं, "खाला, कमाल केलीत तुम्ही!" तर ती खरंच चिडली.

"मैं क्या करी? डब्बा सरकाया. चला वो."

पुढं माझ्याच घरावर वेळ आली. सत्त्याऐंशी साल असेल, नाही तर अठ्ठ्याऐंशी. माय तीर्थपुरीला एकटी राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. माळवदाचं दोन खणांचं घर, परसात दोन मोसंबीची झाडं, आणि गावभर तिची सत्ता. फाल्गुनात एका सकाळी शेण काढता काढता ती खाली बसली आणि उठली नाही. उजवा हात, उजवा पाय, थोडं तोंडही. जालन्याला दवाखान्यात पंधरा दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, जिवाचा धोका गेला, आता घरी न्या. 

कोणत्या घरी, हा प्रश्न होता.

माझ्या जालन्याच्या दोन खोल्यांत, म्हणालो मी. माझ्या केदारखेड्याच्या मळ्यात, म्हणाला किसनमामा, मायचा धाकटा भाऊ. मामा म्हणजे बोलतं रणशिंग. तो कुजबुजला तरी भोकरदनात बैल बुजायचे. माय वाकड्या तोंडानं म्हणाली, "तीर्थपुरी."

"अक्का, तिथं तुझं कोन करंल?" मामा म्हणाला.

"मीच करीन."

"हाताची मूठ वळंना तुझी!"

माय रडली नाही. नुसती छताकडं बघत राहिली. त्या बघण्यातच मी समजलो की हिला त्या घरातून उचललं तर आपण जे नेऊ ती माय नसेल. उन्हाळी सुट्टी तोंडावर होती. मी जैतूनबीचं नाव काढलं. मामा दवाखान्याच्या व्हरांड्यात तीन वेळा गोल फिरला आणि म्हणाला, "ठीक हाय. चाळीस दिवस. चाळिसाव्या दिशी मी जीप घेऊन येतो. अक्कानं सोता चूल पेटवून, सोताच्या हातानं चहा करून मला पाजला, तर मी गप परत जाईन. न्हाई तर गादीसकट उचलून केदारखेड्याला. घराला कुलूप. मंजूर?"

माय म्हणाली, "मंजूर." तो शब्द तिच्या तोंडातून निघायला इतका वेळ लागला की मामाला रुमाल काढावा लागला.

जैतूनबी तीर्थपुरीला एका बोचक्यासकट उतरली. आल्या आल्या तिनं माझ्या बायकोकडं, सुमनकडं, कापूस मागितला. आमच्याकडं कापसाला काय तोटा? सुमननं पाटीभर दिला. जैतूनबी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसली आणि समईच्या वाती वळू लागली. आम्हाला वाटलं, जरा दम खातेय. ती चाळीस दिवस तिथंच बसली. त्या वर्षी गावातल्या प्रत्येक देवळात दहा दहा वर्षं पुरतील एवढ्या वाती गेल्या. काही देवांना तर दिवसादेखील दिवे लागले.

पहिल्या दिवशी दुपारी सुमन वरणभाताची ताटली घेऊन मायला भरवायला बसली. जैतूनबी तिथूनच गरजली, "ए! चमचा ठेव नीचे!"

"अहो खाला, त्यांचा हात..."

"दूसरा हाथ क्या गिरवी रखा?"

मायनं डाव्या हातानं घास घेतला. चार शितं तोंडात, बाकी लुगड्यावर, जमिनीवर आणि काही भिंतीवर. भिंतीवर कशी गेली हे शास्त्राला पडलेलं कोडं आहे. मला बघवेना. मी उठलो, तर जैतूनबी म्हणाली, "मास्तर, तू बस. भुकी हाय ना ती? मंग हात शिकंल."

त्या दिवशी माय अर्धपोटी राहिली. सुमन परसात जाऊन रडली. मी मोसंबीच्या झाडाखाली उभा राहून विचार करत होतो की ही बाई आपण आणली कशाला. असा विचार मी पुढं रोज त्याच झाडाखाली केला. त्या उन्हाळ्यात झाड वाळलं, त्याला बहुधा तेच कारण असावं.

आमच्या गावात आजाऱ्याला भेटायला जायची एक रीत आहे. भेटणाऱ्यानं दारातच हंबरडा फोडायचा. आजाऱ्यानं, बरं वाटत असलं तरी, कण्हायचं. सगळा गाव मायला भेटायला येऊन गेला होता आणि माय त्यांच्यासाठी अगदी मन लावून कण्हत असे. पाहुणे गेले की तिचा निम्मा जीव गेलेला असायचा. जैतूनबीनं हे दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं मायला खाटेवरून उठायला लावून दारात भिंतीला टेकून बसायला लावलं आणि सुमनला तिच्या पुढ्यात निवडायला डाळ ओतायला सांगितली. दुपारची वेळ, रिकाम्या खाटेवर सुमन जरा लवंडली. एवढ्यात यशोदाकाकू आल्या. शेजारच्याच, पण डोळ्यांनी अधू. दारातल्या मायला ओलांडून आत गेल्या, खाटेवरच्या सुमनच्या गळ्यात पडल्या आणि म्हणाल्या, "सरू गं, कशी वाळलीस गं! पार पोरीवानी झालीस!"

माय हसली. वारं गेल्यापासून पहिल्यांदा. तोंड वाकडंच हसलं, पण आवाज पूर्ण होता. काकू मात्र इतक्या गोंधळल्या की जाताना त्यांनी माझंच सांत्वन केलं आणि "देवानं चांगल्या मानसाला लवकर नेलं" असं म्हणून गेल्या. 

खरी कुस्ती स्वयंपाकघराची होती. जैतूनबी उंबऱ्याच्या आत पाय टाकायची नाही. पाण्याच्या माठाला शिवायची नाही. माय माळकरी, पण दवाखान्यात कुणाकुणाच्या हातचं खाऊन आली होती, आणि आमच्या घरी असलं काही कडक कधी नव्हतं. मायच म्हणायची, "ये की बाई आत, चहा टाक. कोन बघायलंय?"

"नक्को बाबा. तुमचा धरम बुडंल."

"न्हाई बुडत!"

"तुला काय म्हाईत? बुडाला तर मेरे नाम पे."

चौथ्या दिवसापासून तिनं सुमनलाही फर्मान काढलं की सासूची भाकर सुमननं करायची नाही, आपली आणि नवऱ्याची करावी. सुमन बिचारी विचारून बसली, "खाला, तुमच्या हातच्या वाती देवाला चालतात, अन् हातचं पाणी आत्याबाईला चालत न्हाई?"

"ते तुझ्या देवाला इचार. मेरेकू कायकू पूछती?"

म्हणजे शिवाशिव पाळत होती ती आमच्यावतीनं, आणि आम्ही तिला ती मोडायची विनवणी करत होतो. असा उलटा प्रकार मी तरी कुठं ऐकला नाही.

आठ दिवस मायनं दूध आणि केळ्यांवर काढले, शेवटी बाराव्या दिवशी ती परातीपुढं बसली. डाव्या हातानं पीठ मळलं, उजवा हात नुसता परातीच्या काठावर ठेवला, गाडीत झोपलेल्या माणसासारखा. भाकर थापली ती अशी की एका बाजूनं घनसावंगी बाहेर आलंय, दुसऱ्या बाजूनं भोकरदन. जालना जिल्हा तेव्हा नवानवाच झालेला, नकाशा कुणालाच पाठ नव्हता. मी शपथेवर सांगतो, त्या भाकरीवरून मी पुढच्या वर्षी चौथीच्या पोरांना भूगोल शिकवला. पण मायनं ती खाल्ली. करपलेलं परतूरही खाल्लं.

रोज सकाळी जैतूनबी उरलेले दिवस मोठ्यानं सांगायची. "सरूबाई, अठ्ठावीस!" "सरूबाई, सत्तावीस!" आणि माय उत्तर द्यायची ते मला लिहिता येणार नाही. मधल्या दिवसांत दोघी भांडायच्या, त्याला सीमा नव्हती. पण एक विचित्र गोष्ट: जैतूनबी दुपारी नमाजाला परसात गेली की माय सारखी दाराकडं बघायची.

मग तो न्हाणीतला दिवस. तेविसावा की चोविसावा. न्हाणी म्हणजे परसातला आडोसा, पोत्याचा पडदा. मायला आता एकटीनंच आंघोळीला जायचं, असा हुकूम झाला होता. आत धाड्कन आवाज आला, तांब्या गडगडला. मी आणि सुमन धावलो. जैतूनबी पडद्यापुढं आडवी बसली. ती एकदा बसली की तिला ओलांडायला पूल बांधावा लागला असता.

"सरूबाई, हड्डी टूटी क्या?" तिनं पडद्याकडं पाठ करूनच विचारलं.

"न्हाई वाटत."

"डोकं?"

"डोकं तुझं फुटो!"

"मंग ठीक हाय. डावा गुडघा टेक. रांजनाला धर."

मी ओरडलो. काय काय बोललो ते आता आठवून लाज वाटते. कसाई म्हटलं. म्हणालो, माझी माय तुमच्या तमाशासाठी नाही. निघा इथून, आत्ताच्या आत्ता. जैतूनबीनं माझ्याकडं मान वळवली नाही. तोंड दगडासारखं होतं. आतून घसरण्याचा आवाज, मग धापा, मग पुन्हा घसरण्याचा. मला तो वेळ एका परीक्षेएवढा लांब वाटला. शेवटी पडद्यावर पाच बोटं दिसली, डाव्या हाताची, आणि पडद्यामागून मायचा आवाज आला, "कोन काढून राह्यलंय तिला? पडले मी. ती पडली का?"

मी कुणाच्या बाजूनं भांडत होतो, ते मला त्या क्षणी कळेना. अजूनही नीटसं कळलेलं नाही. मायचं डोकं रांजणावर आपटलं असतं तर आज मी हे लिहीत नसतो, दुसरंच काही लिहीत असतो.

दोन दिवसांनी शाळेच्या निकालपत्रकांसाठी मी जालन्याला गेलो. त्या शेटजींना सहज भेटलो. वर घरात चहा झाला. त्यांच्या थोरल्या सुनेनं विचारलं, जैतूनबी कशी आहे? म्हणाली, "आमच्याकडं तर सारखी चुलीपाशीच असायची. अजूनही आली की चहा तीच टाकते. तिच्या हातचा आल्याचा चहा..."

मी तसाच परत आलो. उतरल्या उतरल्या उंबऱ्यापाशी उभा राहिलो आणि विचारलं, "खाला, शेटजींच्या स्वयंपाकघरात तुम्ही जाता. त्यांचा धर्म बुडत नाही?"

ती वात वळत होती. थांबली नाही. "बुड्ढे को तंबाखू प्यारा था, मास्तर. तुझ्या मायला काय प्यारं हाय? तंबाखू न्हाई. गोड न्हाई. सोनं न्हाई. मैं तीन दिन देखी. मंग दिसलं, हिला चूल प्यारी हाय. आपल्या चुलीवर दुसरं कोन नको. सून बी नको. मंग तिचं कोन बी करायचं न्हाई, चूल तिच्यावर सोडली. डब्बा सरकवला तसं."

मी मायकडं गेलो. म्हटलं हिला सांगावं की तुला फसवलंय. माय भाकर थापत होती. आता घनसावंगी बरंच आत गेलं होतं.

"मला म्हाईत हाय," माय म्हणाली.

"कधीपासून?"

"पैल्या दिसापासून. नाटक कळत न्हाई व्हय मला? ती करायली, मंग म्या बी केलं." तिनं भाकर तव्यावर टाकली. टाकली म्हणजे, टाकली. तव्यावर पडली ही देवाची कृपा. मग ती उलटताना म्हणाली, "पर ती खरंच आत आली असती, तिनं चहा केला असता, तर म्या प्याले असते का, ते मला बी ठाव न्हाई रे."

कोण कुणाला खेळवत होतं? मी पुन्हा मोसंबीखाली गेलो.

एकोणचाळिसाव्या दिवशी मायनं दोनदा चहा केला. काडी पेटवायची युक्ती तिनं स्वतःच काढली होती: काडेपेटी पायाच्या बोटांत धरायची आणि डाव्या हातानं ओढायची. चहा झकास होता. मी निश्चिंत झोपलो.

चाळिसाव्या दिवशी सकाळी मामाची जीप दारात. मामा, चार गडी, आणि मागं नवी कोरी गादी. धुळीसकट मामा आत आला. "अक्का! चहा!"

माय खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. "मला उठवत न्हाई," म्हणाली.

सुमननं पाय चोळले. मी विनवलं. काल तूच दोनदा केलास की. "काल केला. आज न्हाई व्हत." मामानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी कालचा चहा स्वप्नात प्यालो असेन, असं मलाच वाटू लागलं. जैतूनबी ओसरीवर बोचकं बांधत होती. आमची रीत म्हणून सुमननं दिलेली साडीचोळी आणि नारळ त्यात ठेवत होती. मी तिच्यापाशी गेलो. "खाला, बघा की जरा. आजच असं करतेय."

"आज चाळीस. माझं झालं."

ती दारात आली, खाटेकडं पाहिलं. "सरूबाई, चलती मैं." माय हलली नाही. जैतूनबीनं बोचकं डोक्यावर घेतलं आणि गेली. सरळ गेली. बोळाच्या वळणावर माणूस एकदा तरी मागं बघतो. तिनं पाहिलं नाही.

मामानं गड्यांना खूण केली. चौघांनी चादरीच्या चार कोपऱ्यांना धरून मायला उचललं. माय हलकी झाली होती. चौघं उगाच होते. दारापर्यंत नेली, तोवर तिचे डोळे मिटलेलेच. उंबऱ्यावर तिनं ते उघडले, बोळात पाहिलं.

"गेली?"

"गेली, अक्का. बरं झालं," मामा म्हणाला.

"खरंच गेली?"

"कवाच गेली."

"ठेवा मला खाली."

गडी मामाकडं बघू लागले. मग मायनं जी आरोळी ठोकली, तिनं चौघांचे आठ हात एकदम सुटले. माय उंबऱ्यावर बसकण मारल्यागत पडली, चौकटीला धरून उठली, काठी घेतली आणि बोळाला लागली. उजवा पाय ओढत, डाव्यानं रेटत. मी काखेत हात घालायला गेलो तर काठी माझ्या नडगीवर आली. स्टँड आमच्या घरापासून धडधाकट माणसाला पाच मिनिटं. मायला किती लागली मला माहीत नाही. वाटेत दोन गाई व्याल्या असतील. मागं मी, माझ्यामागं सुमन, तिच्यामागं मामा आणि त्यामागं रिकामी गादी घेतलेली जीप, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत. दारादारांत बाया उभ्या राहिल्या. वरात कुणाची, एवढंच कुणाला कळेना.

जैतूनबी स्टँडवरच्या लिंबाखाली बोचक्यावर बसली होती. गाडीला वेळ होता. माय तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. घामानं लुगडं अंगाला चिकटलेलं.

"एक दिस ज्यादा राह्यली असतीस तर मेली असतीस काय गं?"

"चाळीस झाले."

"उठवत न्हाई म्हनलं म्या! जवळ येऊन बघायचं तरी!"

"देखी मैं. चादरीखाली पायाची बोटं हलवत व्हतीस."

मायनं आपल्या पायाकडं पाहिलं. मग एकदम भडकली. "मंग बोलली का न्हाईस किसनला? मला उचलून नेत व्हता तो! घराला कुलूप पडत व्हतं माझ्या!"

"नेलं असतं तर नेलं असतं," जैतूनबी म्हणाली.

गाडी आली. ती चढली. खिडकीतून एक हात बाहेर आला. सुमन म्हणते तिनं निरोप दिला. मामा म्हणतो ती पान थुंकत होती. माय म्हणायची, तिनं मला घरी जा म्हणून खुणावलं. मला धुळीत काहीच दिसलं नाही.

मामानं जीपचं दार उघडलं. माय चालतच घरी आली. आल्यावर मामाच दमून खाटेवर आडवा झाला. मायनं चूल पेटवली आणि सगळ्यांना चहा केला, गड्यांनाही. मामा बशीत ओतून, एक शब्द न बोलता प्याला आणि गादी घेऊन परत गेला.

माय त्या घरात पुढं एकटीच राहिली, बरीच वर्षं. मी सुट्टीत गेलो की चहा करून द्यायची. पायरीवर मी हात पुढं केला तर अशी बघायची की जणू मी खिसा कापायला आलोय. मला आनंद व्हायला हवा होता, आणि व्हायचाही. पण परतीच्या गाडीत बसलो की वाटायचं, माझ्यावाचून जिचं काही अडत नाही अशा मायपाशी मुलानं नेमकं काय करायचं? आणि त्याहून जास्त एक प्रश्न मला कुरतडायचा. "नेलं असतं तर नेलं असतं." ती हे खरंच म्हणाली होती? माझ्या मायचं घर तिनं असं वाऱ्यावर सोडलं होतं, की माय उठणार हे तिला ठाऊक होतं? हे मला तिला एकदा विचारायचंच होतं.

बऱ्याच वर्षांनी, नव्वदचं दशक सरत आलं असेल, जुन्या जालन्यात ती मला दिसली. बाजाराची वेळ, ऑटोंचा कालवा, मोटरसायकली. अंगावरून वारं गेलेला एक पन्नाशीचा माणूस काठी टेकत रस्ता ओलांडत होता. प्रत्येक पावलाला तो थबकायचा आणि सगळी गाडीवाली मंडळी त्याच्या नावानं बोंबलायची. अलीकडच्या कडेला जैतूनबी उभी. खूप म्हातारी झालेली, रुंदी निम्मी झालेली. मी तिच्या अगदी शेजारी जाऊन उभा राहिलो. "खाला," म्हणालो. "मी तीर्थपुरीचा मास्तर. सरूबाईचा."

तिला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. तिची नजर त्या माणसाच्या पायांवर होती. ओठ मिटलेले. माणूस रस्त्याच्या मध्यावर डगमगला, काठी घसरली, आणि जैतूनबीचा उजवा हात एकदम पुढं गेला, वीतभर, हवेतच. दुसऱ्या हातानं तिनं तो मनगटाला धरला आणि मागं ओढला. माणूस सावरला, पुढचं पाऊल टाकलं, पुन्हा डगमगला. हात पुन्हा सुटला. तिनं पुन्हा पकडला. तो पलीकडच्या दुकानाच्या पायरीला टेकेपर्यंत ती तशीच उभी होती, एका हातानं दुसरा हात गच्च आवळून.